मधले अकरा लाख

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

१९८८ सालचा एक रविवार आज दिवसभर डोक्यात आहे. या घराला तेव्हा खिडक्याही बसल्या नव्हत्या. रामकिसन आणि मी सिमेंटच्या पोत्यांवर बसून पेरू खात होतो, तिखट-मीठ कागदाच्या पुडीत. मालक आले, आकडा सांगितला, रामकिसन ‘बरं’ म्हणाले. दहा मिनिटांत घर घेतलं! तिसरा मजला म्हणून मी खूश — हवा येईल. एकावन्न पायऱ्या आम्ही पळत उतरलो होतो.

त्याच एकावन्न पायऱ्या. झटका आल्यापासून रामकिसनचा उजवा पाय ऐकत नाही. सव्वा वर्ष झालं, खाली उतरलेले नाहीत. मागच्या जयंतीचे ढोल त्यांनी गॅलरीतूनच ऐकले. लिफ्ट नाही, होणारही नाही. म्हणून ठरलं : हे विकायचं, तळमजल्यावर छोटं घ्यायचं. ऊन तापायच्या आत.

आमच्या लेकीने, अमृताने, पुण्याहून एका एजंटचा नंबर पाठवला. आदिनाथ.

५ फेब्रुवारी

त्याचा पहिलाच प्रश्न : “मावशी, बजेट?” मी सांगून टाकलं — सत्तावीस लाख. हे घर विकून खरंच तेवढेच लावता येतील म्हणून! कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सगळं शिकवलं, केळं काट्या-चमच्याने खायलासुद्धा. घासाघीस तेवढी राहून गेली.

रामकिसन कपाळाला हात लावून : “झालं. आता शहरातलं प्रत्येक घर सत्तावीसचं होणार.”

८ फेब्रुवारी

प्रत्येक घर सत्तावीसचं झालं.

१३ फेब्रुवारी

आतापर्यंत सहा घरं. आधी मुद्दाम भयाण दाखवतात, हे आता कळलं. एका घरात न्हाणीतून स्वयंपाकघरात जायचं. एकाच्या खिडकीबाहेर दुसऱ्याची भिंत — “प्रायव्हसी हाय मावशी!” आणि जाहिरातीतलं ते एकोणीस लाखांचं? “ते काल संध्याकाळीच गेलं.” तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा काल संध्याकाळीच गेलेलं. जाहिरात मात्र आज सकाळीसुद्धा होती.

सातवं मुकुंदवाडीला, स्टेशनकडून आत. दोन खोल्या, मागे कढीपत्त्याचं झाड, हिरवा ओटा, फ्रिजवर कार्टूनचे स्टिकर. दारात एकच पायरी! मालक पुण्याला असतात म्हणे. तरी ओट्यावरचं दूध अजून कोमट होतं.

आदिनाथ म्हणाला सहाशे फूट. मी टेप लावली (रामकिसनने पर्समध्ये कोंबून दिली होती). चारशे दहा.

“बाकीचं कुठंय?”

“मावशी, सुपर बिल्ट-अप असतंय. भिंती, पॅसेज, जिना…”

“जिना नको म्हणून तर मी वणवण करतेय, आणि तू मला जिन्याचेच पैसे लावतोस?”

हसला. पण एक रुपया सोडला नाही. सत्तावीस.

२० फेब्रुवारी

आज आमच्या घराचा भाव ठरवायला आला. आज मी मावशी नाही, मॅडम. “मार्केट लई डाऊन हाय मॅडम. तिसरा मजला, लिफ्ट नाय. तुम्हाला नेट तीस देतो. वरचं माझं मी बघतो.” म्हणजे आमच्या हातात तीस; त्याच्यावर तो कितीला विकेल ते त्याचं.

घ्यायला निघालं की मार्केट वर, विकायला बसलं की खाली. आमच्या जिन्यावरून बहुतेक मार्केटसुद्धा घसरून पडतं.

हो म्हटलं. दुसरं काय करणार?

२ मार्च, रविवार

घर बघायला एक जोडपं आलं, सोबत सासूबाई. येण्याआधी आदिनाथची ताकीद : “पार्टीशी बोलायचं नाय. चहा तर अजिबात विचारायचा नाय. चहा दिला की पार्टीला वाटतंय, मालक गरजू हाय.”

सासूबाई तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोहोचल्या आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. आई असती तर माझ्याशी बोलली नसती. रामकिसन तर पेपरमागे लपले.

९ मार्च, रविवार

त्या जोडप्यातली मुलगी आज एकटीच आली! दिपाली तिचं नाव. दारातूनच, ओशाळून : “काकू, एकच विचारायचं होतं. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?”

आदिनाथने तिला ‘रोज येतं’ असं सांगितलं होतं. मी खरं सांगितलं — आठव्या. आणि चहा टाकला. गरजू तर गरजू.

नवरा वाळूजच्या कंपनीत, शिफ्टच्या बसने जातो. दोन पोरं, सासूबाई, सगळे दोन खोल्यांत. “घर लई आवडलं काकू. पण छत्तीस म्हणजे…”

“छत्तीस?”

रामकिसनने पेपर खाली ठेवला.

“आमचं विकलं तरी चौदा घालावे लागतात,” ती म्हणाली. “आमचं बावीसला देतोय. मुकुंदवाडीला. मागं कढीपत्ता हाय, लई मोकळं…”

“ओटा हिरवा आहे का गं? फ्रिजवर स्टिकर?”

“व्हय! पण तुम्ही कधी…? आदिनाथभाऊ म्हणाले होते, पार्टी यायच्या वेळेला घरात थांबू नका. आम्ही पोरांना घेऊन स्टेशनच्या बाकावर बसलो होतो.”

ती पार्टी मी! तिच्या बावीसचे मला सत्तावीस, माझ्या तीसचे तिला छत्तीस. रामकिसनने पेपरच्या कडेला मांडून दाखवलं : मधले अकरा लाख आदिनाथचे. शिवाय दोघींकडून दलाली वेगळी.

आम्ही तिघं इतके हसलो की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

तिथंच ठरलं : सरळ अदलाबदल करायची. फरकाचे आठ लाख त्यांनी आम्हाला द्यायचे, बँकेचं कर्ज काढून.

१० मार्च

आदिनाथला बोलावलं. माझ्या शेजारी दिपाली बसलेली बघून त्याच्या तोंडून ‘मावशीमॅडम’ निघालं.

“पण मी खोटं काय बोललो? तुम्ही तीसला हो म्हणलात, तीस देणारच होतो. महिनोन्महिने गाडीत पेट्रोल घालतो, तवा एक घर जुळतंय.”

वाईट हे की, भावापुरतं ते खरं आहे. आम्हीच हो म्हटलं होतं. फक्त एकमेकींना बघितलं नव्हतं.

खऱ्या किमतीवर एक टक्का देऊ म्हटलं.

“एकच? जरा वाढवा की मावशी.”

“बजेटच तेवढं आहे.” आयुष्यातलं पहिलं ठणठणीत खोटं. मजा आली!

२२ मार्च

दिपालीचं कर्ज अजून ‘प्रोसेसमध्ये’. अमृता फोनवर : “आई, कर्ज मंजूर होऊन रजिस्ट्री होईपर्यंत किल्ली कुणाला द्यायची नाही. समजलं?” समजलं.

उद्या रामकिसनला नुसतं घर दाखवून आणायचं आहे. दिपालीचा नवरा आणि त्याच्या शिफ्टच्या बसमधले तिघं त्यांना खुर्चीसकट उतरवणार. रामकिसन म्हणतात, पाठीवर ‘काच — सांभाळून’ असं लिही.

२४ मार्च, सोमवार, मुकुंदवाडी

काल परत गेलोच नाही. चार वाजता खुर्ची उचलायला पोरं आली तर रामकिसन म्हणाले, “मी नाय येत.” दिपालीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. संध्याकाळी तीच सगळ्यांना घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. कर्ज नाही, रजिस्ट्री नाही, कागदाचा एक चिटोरासुद्धा नाही. अमृताचे नऊ फोन.

वर राहिलेल्या सामानाचं : शिलाई मशीन अमृताला, तिचं ओरडून झाल्यावर. दिवाण सासूबाईंना. हत्यारांची पेटी दिपालीच्या नवऱ्याला. आदिनाथला त्याचा टक्का, आजच. लोखंडी कपाट आणि घराच्या दोन्ही किल्ल्या दिपालीला. एक किल्ली तुमच्याकडे राहू द्या म्हणेल ती. घ्यायची नाही.