रुईचा चीक आणि दुसरी आवृत्ती

आप्पा, त्या सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून मी पुस्तकांचे गठ्ठे बांधत बसलो होतो. कारखान्याच्या पाळीआधीचा तेवढाच वेळ माझा. त्यातच प्रुफं तपासायची, कागदवाल्याकडे खेटे घालायचे, एसटी स्टँडवरच्या विक्रेत्याला प्रती पोचवायच्या. तुमच्या औषधांचं पुस्तक मीच लिहिलं, मीच छापून घेतलं, त्यामुळं हमालीही माझीच. तुम्ही गेलात, तुमच्याबरोबर तुमची वैद्यकीही मातीत जाऊ नये, एवढंच मनात होतं.

दारात एक बाई येऊन उभी राहिली. सांगोल्याकडची, पहाटेच्या गाडीनं आलेली. कडेवर लेकरू, त्याचा एक डोळा लाल, घट्ट मिटलेला. हातात माझं पुस्तक आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी मोडलेली रुईची फांदी. लेखक-प्रकाशक म्हणून पुस्तकात माझाच पत्ता आहे, तो विचारत आली होती.

"काटा मोडल्यावर रुईचा चीक लावा म्हनून लिवलंय न्हवं तुमी? ह्याच्या डोळ्यात कुसळ गेलंय. किती थेंब सोडू?"

फांदीच्या टोकाला पांढरा थेंब जमत होता. मी ती हिसकावूनच घेतली. "डोळ्यात न्हाय! डोळा जाईल त्याचा!"

ती दचकून मागं सरली. मग हळूच म्हणाली, "तसं लिवायचं की वो, सायेब."

दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं कुसळ काढलं, डोळा वाचला. पण आप्पा, ही विचारायला आली. जे आलेच नाहीत, त्यांचं काय? तेव्हापासून प्रती मागवणारं पोस्टकार्ड आलं की ते पालथं घालून ठेवतो. पूर्वी गावाचं नाव वाचून आनंद व्हायचा. आता त्या गावात कुणीतरी रुईपाशी वाकलेलं दिसतं.

आपलं स्वयंपाकघर आठवतं. अव्वा भाकऱ्या थापते आहे, तुम्ही चुलीपाशी, आणि उंबऱ्यात होटगीचा एक गृहस्थ. बायको घरी आजारी. म्हणतो, "नुसतं नाव सांगा, मी तितं उगाळून देतो." तुम्ही म्हणता, "औषध सांगून देत न्हाईत, बघून देत्यात. उद्या तिला घेऊन ये." तो जाताना पुटपुटला, "लई मिजास हाय म्हाताऱ्याला." मलाही तसंच वाटलं होतं. विद्या झाकून ठेवता, म्हणजे लोकांनी दारात ताटकळत बसावं, असं.

तरी तुमचं ते वाक्य मी पहिल्या पानावर घातलं होतं. विक्रेत्यानं प्रुफं चाळली आणि हसला. "वैद्याकडंच जायाचं तर पुस्तक कोन घेईल वो? ही वळ काढा." मी काढली, खालचं तुमचं नाव तेवढं ठेवलं. पुस्तक खपलं. कुठल्याशा जत्रेतही खपलं म्हणे. छापखानेवाल्यानं दुसऱ्या आवृत्तीसाठी सगळी जुळणी सुतळीनं बांधून तशीच ठेवली. छोटा छापखाना, त्याचे शिशाच्या अक्षरांचे खिळे त्यात अडकलेले. भेटला की विचारायचा, "छापू का सोडू?" सोडायची म्हणजे खिळे सुटे करून परत खणांत टाकायचे, मग ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागतं.

"ती ओळ परत घालून छापू या का?" त्या बाईनंतर तो भेटला तेव्हा मी विचारलं.

"घाला की. एका वळीला किती जागा लागतीय?"

पण त्या बाईनं पहिलं पान उघडलंच नव्हतं. कडेवर लेकरू रडत असताना कोण उघडतो? तिनं थेट काट्याचं पान काढलं होतं. सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात गेलो, तर हात जोडले आणि मागायला काही सुचेना. तलावाच्या कडेलाही रुई फुललेली होती.

विक्रेत्याकडच्या प्रती परत आणल्या. "चालतं पुस्तक बंद करताय? डोकं फिरलं काय, मालक?" तो म्हणाला. विकल्या गेलेल्या मात्र कुठून आणू? त्या कुठल्या तरी घरांत कोनाड्यात पडून असतील, कुणाला काही होईपर्यंत.

आज सकाळी छापखान्यात जाऊन सांगितलं, "सोडा." कंपोझिटरनं सुतळ्या कापल्या. सुपात ज्वारी पडावी तसे खिळे खणांत पडू लागले. काट्याचं पान गेलं, तापाचं गेलं, विंचवाचं गेलं. तुम्ही नसताना हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? म्हणून या कागदावरच सांगतो. पहिल्या पानावरची तुमच्या नावाची ओळ शेवटी सोडा, एवढंच मी म्हणालो. त्यानं ती बाजूला काढून ठेवली. थोडा वेळ मी ती उलटी अक्षरं बघत बसलो. मग तीही सोडायला लावली.