तू दिलेले पिक्चर

घोडेगाव, बुधवार

प्रिय रविराज,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले, आता खोडत बसत नाही. पेनड्राइव्ह हातात कोंबून गेलास, वर म्हणालास, "ताई, आधी हे जुने गँगस्टर पिक्चर बघ, मग मला बोल." जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. शिवणाचं दुकान बंद ठेवलं आणि ओळीनं पाहत बसले, काळे-पांढरे, इंग्रजीतनं हिंदी केलेले, सगळे. लई कळलं रे बाबा!

त्यातल्या बायका जेवायला वाढतात, रडतात, देवापुढं बसतात. बाहेर काय चाललंय ते त्यांना कुणी सांगत नाही, त्याही विचारत नाहीत. मी यातनं धडा घेईन असं वाटलं तुला. आईकडून निरोप धाडलास ना, घरातलं घरात ठेव म्हणून? मग तुझ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत माझा फोटो कुणाला विचारून छापलास? त्या टोळभैरवांच्या मधोमध मी, तोही लग्नातला फोटो! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

आणि बांधलास कुठं, तर माझ्या समोरच्या आकिबच्या दुकानावर, ऐन बैलबाजाराच्या दिवशी. त्याचे कासरे नि घुंगरमाळा गिऱ्हाइकाला दिसणार कशा? बिचाऱ्यानं दोऱ्या सोडल्या, फ्लेक्स नीट गुंडाळला आणि माझ्याकडं आणून ठेवला. तुझं तोंड कुठं चुरगळू दिलं नाही. तरी भाईचा फ्लेक्स उतरवला म्हणून तुझ्या पोरांनी त्याचा उजवा हात मोडला. त्याच हातानं तो कासरे वळतो. पोळ्याला आपल्या बैलांच्या माळा कोण आणून देत होतं, आठवतंय का? लाज कशी वाटली नाही तुला?

तू गावभर सांगतोस, मी बोटसुद्धा लावलं नाही, लांब गाडीला टेकून उभा होतो. खरं आहे. मी मशीनवरून बघत होते. पोरानं गज उचलला, तुझ्याकडं पाहिलं आणि तू जराशी मान हलवलीस. मला वाटलं, नको म्हणतोयस. देवाशप्पथ तसंच वाटलं, आपला रवी दुसरं काय म्हणेल? पण तुझ्या पिक्चरांत दर वेळी तेच. म्होरक्या हात लावत नाही, बोलत नाही, नुसती हनुवटी खाली करतो आणि कुणाचं तरी वाटोळं होतं. शेवटचा पिक्चर मी अर्ध्यात बंद केला आणि बसल्या जागी रडले. मग जो राग आलाय तो अजून उतरलेला नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, म्हणून आईच्या हाती देतेय. पोलिसांनी अख्ख्या बाजाराला विचारलं, कुणी काहीच पाहिलं नाही म्हणे. मी उद्या सकाळी जाऊन जबाब देणार आहे, तुझी मान हलली त्यासकट. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. भाऊबीजेला तू जिथं असशील तिथं ताट घेऊन येईन. आत सोडलं नाही तर दारात उभी राहीन, पण ओवाळल्याशिवाय परत जायची नाही.

तुझीच, फ्लेक्सवरची नव्हे, घरातली,
सुकन्याताई