दिल्लीत विचारायचा प्रश्न

२१ ऑक्टो. १९७४, फैजपूर
शाळेतून अर्धी रजा. खासदारांची गाठ पडली एकदाची. हे बेपत्ता झाले त्याला डिसेंबरात तीन वर्षं. लढाईनंतर कैदी सुटून आले, त्यांत हे नव्हते. यांच्याच पलटणीतला, सुटून आलेला पाचोऱ्याचा जवान मात्र सांगतो, पाकिस्तानातल्या दवाखान्यात भिंतीपलीकडून मराठीत कण्हणं ऐकलं. आवाज यांचाच. शपथ घ्यायला तयार नाही, पण यांचाच.
खासदारांनी सगळं लिहून घेतलं. "लोकसभेत प्रश्न टाकतो. तिथं मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं."

९ डिसें.
दिल्लीहून कार्ड. चिठ्ठ्या टाकून प्रश्न निवडतात म्हणे. आपला निघाला नाही. पुढच्या अधिवेशनात परत टाकणार.

१८ मे ७५
प्रश्न याही अधिवेशनात निघाला नाही. सोनगीरहून आई आली, आमची अक्का. मी चहा टाकत होते, तर पाठीमागून म्हणाली, "जवाई जित्ता शे का नई शे, बठ्ठा इचारतस. मी काय सांगू?"
म्हटलं, हे आहेत की नाहीत ते दिल्लीला विचारलंय म्हणून सांग सगळ्यांना. दुसरं काय

२४ जुलै
आणीबाणी. पेपरात आलंय, या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नाही. तीनदा वाचलं. सासऱ्यांना, आबांना, दाखवलं नाही. आबा रोज पलटणीचा कागद पुढे करतात. 'मृत समजण्यात यावे', खाली माझी सही हवी.
"पोरी, मी बाप आहे त्याचा. श्राद्ध तरी करू दे."
मी नाही म्हणाले. ते ताटावरून उठले. मीही.

६ फेब्रु. ७६
लोकसभेची मुदत वर्षानं वाढवली, निवडणूक नाही. स्टाफरूममध्ये पेपर घडी करून सगळे आपापल्या वर्गावर गेले. मला मात्र बरं वाटलं. खासदार तेच, म्हणजे अर्ज जागेवर. नंतर स्वतःचीच लाज वाटली. शिकवताना फळ्यावर काय लिहिलं आठवत नाही.

२० जाने. ७७
लोकसभा बरखास्त. धावत खासदारांकडे. "ताई, सभागृह गेलं की पडून राहिलेले प्रश्नही जातात." शिवाय नव्या आखणीत आमचा मतदारसंघच उरला नाही, फैजपूर आता जळगावात. त्यांनी माझी फाईल दोन्ही हातांनी परत दिली. त्यांचेही डोळे
घरी येऊन नुसती बसून राहिले. आता कुणाचं दार?

३० मार्च
जळगाव. निवडून आलेल्या नव्या खासदारांकडे बाहेर चार तास. आत घेतल्यावर फाईल पहिल्या पानापासून वाचली त्यांनी. घाई केली नाही.
"नवा अर्ज द्या, पहिल्याच अधिवेशनात विचारतो. पण ताई, उत्तर आलं आणि ते वाईट असलं, तर?"
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.
म्हटलं, दोन दिवस द्या.
आबा ओट्यावर वाट पाहत होते. "काय म्हणाले?"
"विचारतील."
अर्ज लिहून झालाय. अजून माझ्याजवळच आहे.