वखारीच्या गोणपाटावरचा अडुळसा

मष्णूअण्णा, तुमचं पार्सल आलं त्या सकाळी मी अंगण झाडलं, पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या आणि तुम्ही जांबोटीहून एसटीनं पाठवलेली अडुळशाची पानं वाळत घातली. (तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार आधी लिहायला हवा होता, तो इथं समजा. गुडघा कसा आहे? वहिनींचा डोळा?)

पानं का मागवली ते सांगते. माझी नात सौम्या सात वर्षांची, धुळीनं तिला दमा उठतो. आमचे हे दम्यानंच गेले, हातात पंप धरून. तेव्हापासून मी सापडेल ते वाचते. एका पुरवणीत आलं होतं, की झाडपाल्याचा अर्क दिल्यावर प्रयोगातल्या उंदरांच्या श्वासनळीची सूज उतरली. (माणसांवर अजून पाहायचं आहे, असंही खाली बारीक अक्षरात होतं. मी ते दोनदा वाचलं आणि तरी उंदरांवर विश्वास ठेवला.)

पाच दिवसांनी पानं कुटली, वस्त्रगाळ केली, चूर्ण मधातून दिलं. थोड्याच वेळात पोरीची छाती शिट्टीसारखी वाजू लागली. सून सुनयना घरभर पंप शोधत होती. मी वारा घालत बसले, यांना घातला होता तसाच. शेवटी पंप सापडला, रिक्षा मिळाली, पोर वाचली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चूर्णाची बाटली हुंगली आणि चारदा शिंकल्या.

"आज्जी, कशावर वाळवलं हे?"

"गोणपाटावर."

"कसल्या?"

"वखारीतल्या. तीस वर्सं त्यावर बसून तंबाखू चाळली. लई मऊ हाय."

"अहो, आणि त्यातली तंबाखू?"

"दोनदा झटकलं की ओ!"

झटकलं म्हणजे स्वच्छ झालं, असंच आम्ही निपाणीच्या बायका धरून चालतो. त्या बाई विजापूरकडच्या, त्यांना हसू आलं. सुनयनाला आलं नाही.

तुमची धाकटी,
अंबू

ता. क. पंप हरवला नव्हता. यांना तो उपयोगी पडला नाही, म्हणून चूर्ण देण्याआधी मीच तो तांदळाच्या डब्यात पुरला होता. पोरीचे ओठ निळे झाले तेव्हा मीच काढला. सुनयनाला वाटतं, सौम्यानं खेळता खेळता कुठंतरी टाकला होता. पोर रोज बोलणी खाते. अण्णा, तुम्ही या आणि सुनेला सांगा. तुम्ही थोरले, तुम्हाला ती काही बोलणार नाही.

आणखी ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी सौम्याच्या समोर सुनयनाला सगळं सांगितलं आणि पंप कसा द्यायचा ते सुनेकडूनच शिकून घेतलं.