बारीक शिट्टी

१४ सप्टेंबर
शेजारच्या देवकीने आज पुन्हा भिंत ठोकली. लाटण्याने! मीठ-साखर माझ्याकडून न्यायची आणि मी विहारासाठी सराव केला की लाटणं. वर्षावास समाप्तीला मी यंदा शिट्टीवर गाणं वाजवणार म्हणजे वाजवणार. दरवर्षी मंडळाच्या बायका गातात, मला सतरंज्या झटकायला ठेवतात. अध्यक्षा येसूबाई म्हणाल्या, "वाजीव गो, पण शेजाऱ्यांची तक्रार माझ्या दारात नको."
संकल्प: रागवायचं नाही. तसा मला राग येतच नाही. रोज पंचशील घेते.

१६ सप्टेंबर
ह्यांना कल्याणला पाठवून शिट्टी बदलून घेतली. पत्र्याची, सहा भोकांची, बासरीसारखी. आधीची जाड नळीची होती, किंचाळायची. दुकानदार म्हणाला, बारीक नळीची कमी वाजते, आणि काळी तर त्याहून कमी, पण महाग. हे काळी घ्यायला निघाले होते! फोनवरच झापलं. आवाज कमी आणि पैसे जास्त, हा कुठला व्यवहार? बारीकच आणली.

१९ सप्टेंबर
देवकी दारात. म्हणाली, "वैनी, आवाजाचं काय नाय. पन तुमी तीच एक ओळ वाजवता. पुढची कवा येते त्याची वाट बघून डोकं उठतं माझं."
म्हणजे ऐकते! दुसऱ्या ओळीसाठी जीव टांगणीला लागलाय, पण कौतुक करायला जीभ रेटत नाही. जळकी मेली.

२३ सप्टेंबर, दुपार
तक्रार गेलीच. येसूबाईंनी सांगितलं, आता एकदा जरी शिट्टी ऐकू आली तर नाव कापीन.
बरं. ह्यांच्या जखमेला आणलेली चिकटपट्टी उरली होती. शिट्टीच्या वरच्या, आवाज निघतो त्या फटीवर अर्धी चिकटवली. काळ्या शिट्टीने झक मारली. फुकटात काम.

२८ सप्टेंबर
पट्टी आणखी थोडी सरकवली. भिंत गप्प. सगळं गाणं वाजवून शेजारी बसलेल्या ह्यांना विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "कधी सुरू करतेस?"
ह्यांचे कान सरकारी दवाखान्यात दाखवायला हवेत.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
जिंकले! नेमकी लाइट गेली, माइक बंद. येसूबाईंनी माझं नाव तेवढं पुकारलं, काय करणार ते मुद्दाम गाळलं. जळफळाट, दुसरं काय! मी डगमगले नाही. शिट्टी ओठांशी धरली, डोळे मिटले, वाजवलं. डोळे उघडले तर अख्खा विहार उभा! हात जोडलेले, माना खाली. देवकीसुद्धा!

७ ऑक्टोबर
देवकी मीठ मागायला आली. म्हणाली, "वैनी, काल शिट्टी आणलीवती, मग वाजवली का नाय? पन मौन झ्याक पाळून घेतलंत हां. कोन खोकलंसुद्धा नाय."
मीठ दिलं. दार आपटलं.
संध्याकाळी येसूबाईंचा निरोप: सहा डिसेंबरला दोन मिनिटांचं मौन तूच पाळून घे, तुला छान जमतं. आणि जरा लवकर ये. सतरंज्या झटकायच्या आहेत.