तुमचा शनिवार, आमचा रविवार

प्रिय फुआतिनो,

पत्र बघून दचकू नकोस, मी जिवंत आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे. अंगणात तुझ्या आजोबांच्या थडग्यावर बसून हे सांगते आहे. फरशी घातल्यापासून घरातली सगळ्यात गार जागा तीच. जिवंतपणी या माणसानं मला इतकं निवांत कधी बसू दिलं नाही.

त्यांच्या जाण्याचं मनातून जात नाही बघ. तुमच्या पागो पागोहून आमच्या बेटावर यायला विमानाला जेमतेम अर्धा तास लागतो. पूर्वी आपला रविवारही एकच होता. मग ऑकलंडच्या व्यापाऱ्यांशी वार जुळावा म्हणून आमच्या सरकारनं तारखेची रेघ ओलांडली आणि एक अख्खा शुक्रवार गिळला. गुरुवारी झोपलो, उठलो तर शनिवार! तुम्ही राहिलात मागे, आमच्या कालमध्ये. आजोबा म्हणाले, "माझा एक दिवस खाल्ला यांनी, आता वर जाऊन भरपाई मागतो." आणि आठवडाभरात खरंच गेले मागायला.

फालानिकोमामानं तुला फोनवर एवढंच सांगितलं, "शनिवारी दफन." तू रडत रडत शनिवारचं विमान धरलंस, तुझ्या शनिवारचं. उतरलीस तेव्हा इथे रविवार. चर्च सुटलेलं, सगळं गणगोत जेवायला बसलेलं, थडग्यावरचे हार सुकलेले. आणि मामा पानावरून न उठताच सगळ्यांदेखत म्हणाला, "वा, जेवणाच्या वेळेला बरी पोचलीस!" तू पाणीसुद्धा न पिता फिरलीस. तेव्हापासून तुझ्याकडून कापडं येतात, माशांचे डबे येतात, तू येत नाहीस. मी काय त्या डब्यांशी गप्पा मारू?

आता ताजी बातमी ऐक. मागच्या महिन्यात तुमच्याकडे नात्यातलं लग्न होतं, शनिवारी. मामा निघाला. मी म्हटलं, "फालानिको, वार विचारून घे रे." तर म्हणतो, "आई, मी चर्चचा कारभारी आहे, वार मला शिकवू नकोस!" शनिवारी पहाटे पांढरा कोट, गळ्यात हार, थाटात विमानात बसला आणि उतरला शुक्रवारी. चर्चला कुलूप. गवत कापणारा माणूस हसून लोळायचा बाकी. म्हणाला, "काका, नवरदेव अजून केस कापून घेतोय!"

तुझं घर तिथून हाकेच्या अंतरावर. तो आला होता गं तुझ्या कुंपणापर्यंत. तू कपडे वाळत घालत होतीस. हाक मारायला तोंड उघडलं आणि तुझी मान वळली तसा पपईच्या झाडामागे लपला. आता त्याचं पोट आणि पपईचं खोड, तूच विचार कर! तू घरात गेलीस, हा बसथांब्यावर जाऊन बसून राहिला. लग्नातही मागे मागेच होता म्हणे. घरी आला तो जेवेना. शेवटी म्हणाला, "आई, मला सगळे हसले आणि विसरून गेले. तिची झाली होती तशीच चूक माझी झाली. आणि ती तर रडत आली होती..."

पत्र कशासाठी, ते आता सांगते. मला कुठे लिहिता येतं? अक्षर कुणाचं, हे तू पहिल्याच ओळीला ओळखलं असणार. ओळखूनही फाडलं नाहीस, इथवर वाचलंस, म्हणजे राग आहे पण थोडा भुरभुरीत झालाय. मामा समोर मान खाली घालून लिहितो आहे. पपईशी आलो तेव्हा म्हणाला, "आई, एवढं गाळू का?" मी म्हटलं, "लिही गुपचूप." माफीचं मात्र मी एक अक्षर सांगणार नाही. ते त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलावं. खालच्या ओळी माझ्या नाहीत.

तुझीच,
तुझी वाट बघून बघून मान आखडलेली आजी

फुआ, मी तसं बोलायला नको होतं. तू आलीस हेच पुरेसं होतं. शनिवारी ये. तुझ्या शनिवारी निघ किंवा आमच्या. मी दोन्ही दिवस विमानतळावर उभा असेन.
मामा