ट्राय म्हणजे येणारच

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. मी सांगून राहिली, धाकटी सून सरिता लिहून राहिली. मले अक्षर येत नाही, पण अक्कल आहे. सरिता हसली. तेबी लिही म्हटलं.
डावा डोळा पिकला. मोतीबिंदू. डॉक्टरनं चौदा तारीख दिली. मोठ्या पोराले, यशदीपले, बंगलोरले फोन लावला. पट्टी सुटली का पहिलं तोंड तुझंच पाहीन, येजो म्हटलं. म्हणे, आई, आय विल ट्राय.
इंग्रजीत बोलला म्हणजे पक्कं. कच्च्या गोष्टीसाठी कोणी इंग्रजी खर्च करते का?

४ फेब्रुवारी
तरी खात्री केलेली बरी. शेजारचे शालिग्रामभाऊ रेल्वेतून रिटायर, त्याइले इंग्रजी येते. ट्राय म्हणजे काय हो? म्हणे, प्रयत्न. झालं तं! यशदीपच्या बापानं प्रयत्नानंच उरल्याच्या कारखान्यात नोकरी धरली, प्रयत्नानंच बुढापारा मोहल्ल्यात दोन खोल्या बांधल्या. शालिग्रामभाऊ म्हणे, वहिनी, प्रयत्न फसतेबी. तुमचे फसत असतीन, म्हटलं.

१२ फेब्रुवारी
यशदीपचा फोन. ट्राय चल रहा है, छुट्टी का देखता हूँ. चालू आहे म्हणे! मले तं गाडीच सुटल्यासारखी वाटली. त्याच्या आवडीच्या गोळाभातासाठी डाळ निवडली. खडे दिसले नाही. ते मागून सरितानं काढले.

१४ फेब्रुवारी
नाही आला. मी दवाखान्यात गेलीच नाही. डॉक्टर फोनवर चिडला, अम्मा, और देर मत करो. बावीस तारीख दिली.
मोठ्या शहरातला ट्राय. मोठाच राहीन.

१८ फेब्रुवारी
सरितासोबत पंडरीले, कपड्याच्या बाजारात. दुकानदार म्हणे, दीदी, ट्राय कर लो. माझे कान उभे. सरिता पडद्यामागं गेली, कुर्ता घातला, आरशात पाहिलं, गोल फिरली, अन् गादीवर ठेवून दिला. दुकानदार चिडलाबी नाही. कोई बात नहीं, ट्राय ही तो किया है.
म्हणजे हे असं? घालायचं, पाहायचं, ठेवून द्यायचं?
घरी आल्यावर सुचलं. ट्राय कराले बी दुकानात यावंच लागते ना! तं तोबी येईन. पाहून वापस गेला तरी चालते. तोंड दिसलं म्हणजे झालं.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
यशदीपले तीनदा फोन लावला. उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. मीटिंगमध्ये होता. आई, बहुत ट्राय किया, नहीं हो रहा.
‘किया’ म्हणे. म्हणजे संपलं.
डाळ भिजत घातली होती. सरिता म्हणे, आई, काढून ठेवू का? राहू दे, म्हटलं. एखादी गाडी सकाळचीबी असते.

२३ फेब्रुवारी
पट्टी सुटली. नर्स म्हणे, क्या दिख रहा है अम्मा? शालिग्रामभाऊच्या मिशा. एवढ्यासाठी डोळा उघडला! धाकटा ड्यूटीवर, म्हणून बिचारे सोबतीले आले होते. त्याइच्या मागं सरिता, थैली धरून. तिच्या भांगात एवढं पांढरं आलं, मले माहीतच नव्हतं.

२८ फेब्रुवारी
यशदीपचा फोन. आई, एक महीना बंगलोर आ जाओ. याचीच वाट पाहून राहिली होती. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ऐटीत म्हटलं, आय विल ट्राय. समजू दे त्याले, कसं लागते ते.
तो लगेच म्हणे, आई, ये ट्राय-व्राय नहीं चलेगा. पक्का बताओ.
म्हणजे पोट्ट्याले अर्थ पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.
सरिता, ही वरची ओळ खोड. खोडली का? रेघ तं दिसत नाही, आता डोळा नवा आहे माझा. काहून खोडत नाहीस?
म्हणे, ट्राय करून राहिली, आई.